एक दिवस जास्त

नगरपालिकेच्या फलकावर यादी लागली त्या दिवशी मी ती सहा वेळा वाचून आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा शिपाई अजून टाचण्या टोचत होता. शेवटी गेलो तेव्हा तोच शिपाई दाराला कुलूप घालत होता. म्हणाला, "हिनेस, नंबर काय बघून बघून बदलणार आहेत का? घरी जा." मी घरी गेलो नाही. धरणाकडच्या रस्त्यानं दोन तास चाललो.

यादी साधी होती. पहिला आन्सेल्मो, सलग चार हजार एकोणीस दिवस बेकार. दुसरा मी, चार हजार अठरा. तिसरी ओब्दुलिया. ती आमच्याच कारखान्यात जीपच्या सीटा शिवायची, पण मध्ये एकदा समुद्राकाठच्या हॉटेलात उन्हाळाभर चादरी धुवायला गेली आणि तिचे दिवस तुटले. तिच्याखाली आणखी चाळीस नावं होती, ती नुसती शोभेला. जागा एकच होती.

काम म्हणजे दोन बागा आणि दफनभूमी राखायची. एक वर्षभर, सकाळी सात ते तीन. हिरवा गणवेश आणि नगरपालिकेची छोटी गाडी. नियम असा की ज्याला सलग जास्त दिवस काम नाही त्याला आधी घ्यायचं. 'सलग' हा शब्द जाड ठशात छापला होता. मध्ये एक दिवस जरी कागदोपत्री काम केलं तरी मोजणी पुन्हा एकपासून. पंधरा फेब्रुवारीला यादी पक्की व्हायची होती. अशी जागा आमच्या कास्त्राल्बात तीन वर्षांतून एकदा निघते आणि वयाची अट छप्पन्नची. आम्ही दोघंही चोपन्नचे. म्हणजे ही हुकली की पुढची नाही.

बेकारीत पहिला नंबर यावा म्हणून ही काय धडपड, असं कोणाला वाटेल. वाटू दे. ज्याला वाटतं त्यानं अकरा वर्षं रोज सकाळी सहाला जाग येऊन पुढं काय करायचं ते शोधून दाखवावं. चोरून कामं मी पुष्कळ केली. लोकांच्या भिंती रंगवल्या, शटर दुरुस्त केली, एका म्हाताऱ्याचं अख्खं न्हाणीघर बसवून दिलं. पण ती कामं अंधारात उरकल्यासारखी उरकायची. कोणी विचारलं, काय करतोस, तर म्हणायचं, काही नाही. मला ते 'काही नाही' म्हणायचा वीट आला होता.

आन्सेल्मोचा तो एक दिवस कुठून जास्त आला, ते मला चांगलं ठाऊक आहे. कारखाना बंद झाला त्या मंगळवारी तो गेटातून निघाला तो थेट रोजगार कचेरीत गेला आणि नाव नोंदवून मोकळा झाला. मला कासिल्दाला, म्हणजे माझ्या बायकोला, काय सांगायचं तेच सुचेना. मी अंधार पडेपर्यंत गावभर भटकलो आणि नाव दुसऱ्या दिवशी नोंदवलं. तेव्हापासून पायांना जी भटकण्याची खोड लागली ती आजवर गेलेली नाही. हातांचंही तसंच. बारमध्ये बसलो की मी कागदी रुमालांचे तुकडे करत बसतो. मालक मला बघितलं की रुमालांचा डबा उचलून आत ठेवतो.

आम्ही दोघं एकोणीस वर्षं एकाच प्रेसवर होतो. जीपचे दरवाजे दाबून काढायचो. अलीकडे मी, पलीकडे तो. दोघांचे चारही हात चार बटणांवर असल्याशिवाय ती प्रेस खाली येत नसे, म्हणजे कोणाचा हात आत राहायला नको. दिवसातून सहाशे वेळा मी त्याच्या तोंडाकडे बघायचो, त्यानं मान हलवली की दाबायचं. इतक्या वेळा मी माझ्या बायकोच्या तोंडाकडेही बघितलेलं नाही.

यादी लागल्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे बारमध्ये बसलो होतो.

"बघितलीस?" आन्सेल्मो म्हणाला.

"बघितली."

"एका दिवसानं."

"एका दिवसानं."

त्यात मिजास नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. तो उलट खालच्या आवाजात, लाजल्यासारखा सांगायला लागला. दफनभूमीचं मागचं गेट गंजलंय, ते आधी खरवडून काढायला पाहिजे. सरूची झाडं कोणीतरी वेड्यानं छाटलीत. आईच्या कबरीवर नळाचं पाणी येत नाही, तो पाइप त्याला माहीत आहे कुठं फुटलाय. अकरा वर्षांत तो एवढं सलग बोललेला मी ऐकला नव्हता. मी मान हलवत राहिलो आणि टेबलाखाली रुमालाचा चोथा केला. मला त्याचा हेवा वाटत होता. नुसता हेवा नाही, राग येत होता. त्याला ना बायको, ना पोर. त्याला कोणी सकाळी विचारत नाही, आज कुठं चाललास म्हणून.

मंगळवारी माझ्या बहिणीचा नवरा दामियान याचा फोन आला. त्याची जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, सहाशे झाडं आहेत, नदीपलीकडे.

"मेव्हण्या, एक माणूस बघून दे. गुरुवारी. एकच दिवस. माझा एक गडी पाठ धरून बसलाय आणि ट्रॅक्टर मला गुरुवारीच मिळतोय."

"मी येतो."

"तू कसला येतोस? तुझी ती यादी आहे ना. माझ्याकडे सगळं कागदावर असतं, तुला माहीत आहे. त्या दिवशीची नावं बारा वाजायच्या आत सरकारकडे पाठवतो, आणि गेली म्हणजे गेली."

हे त्याचं नेहमीचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शेतात इन्स्पेक्टर आला आणि त्याच्या सख्ख्या भावाला नोंदीशिवाय पकडला. दामियान म्हणाला, साहेब, हा माझा भाऊ आहे, सहज आलाय. इन्स्पेक्टर म्हणाला, सहज आलेल्या भावाच्या हातात जैतुनं बडवायची काठी कशाला? जबर दंड बसला. तेव्हापासून दामियान बायकोच्या सगळ्या नातलगांचे आणि अर्ध्या गावाचे नोंदणी नंबर फोनमध्ये घेऊन फिरतो. त्याच्या बांधाच्या आत ज्यानं काठीला हात लावला, त्याचं नाव त्या दिवशी सरकारदरबारी गेलंच.

फोन कानाला लावून मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतो. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. ते आलं, असं म्हणतो खरं, पण ते कुठूनतरी बाहेरून आलं नव्हतं. रविवारपासून ते तिथंच बसून होतं, फक्त मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

"आन्सेल्मोला विचारतो," मी म्हणालो.

"तो पहिला आहे ना यादीत?" दामियान शेतकरी असला तरी गावात राहतो. "त्याला चालेल?"

"त्याला विचारतो ना."

फोन ठेवला तर कासिल्दा दारात उभी. ती वृद्धाश्रमात सफाई करते. नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती, अंगात अजून कोट होता.

"या फरशा आता खालच्या मजल्यावर पडतील," ती म्हणाली. "बस की जरा. कोणाचा फोन?"

"दामियानचा. आन्सेल्मोला एक दिवस बोलावतोय."

"कागदावर?"

"दामियानचं सगळं कागदावरच असतं."

ती बटणं काढायची थांबली. "मग त्याचे दिवस जातील ना रे."

"तो बघेल त्याचं. लहान आहे का तो?"

"तू सांगणार आहेस ना त्याला?"

"सांगणार आहे."

"हिनेस."

"सांगणार आहे म्हटलं ना!"

ती आत गेली. मी जिना उतरून खाली आलो आणि रस्त्यावर उभं राहून आन्सेल्मोला फोन लावला. म्हटलं, गुरुवारी दामियानकडे एक दिवसाचं काम आहे. सकाळी साडेसातला चौकात ये, मी गाडीतून सोडतो. पलीकडे तो गप्प झाला. इतका वेळ गप्प झाला की मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणाला, "साडेसात?"

"साडेसात."

"जेवण बरोबर आणू का तिथं मिळतं?"

"आण," मी म्हणालो. कागदाबद्दल मी काही बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही. मला वाटलं, विसरला असेल. माणसाला काम मिळालं की तो बाकीचं विसरतो. मी स्वतःला हे त्या दोन दिवसांत पन्नास वेळा सांगितलं, आणि दर वेळी ते थोडं कमी पटलं.

गुरुवारी सव्वासातलाच तो चौकात उभा होता. कारखान्यातले जाड तळव्यांचे बूट त्यानं घातले होते आणि त्यांना पॉलिश केलं होतं. जैतुनाच्या चिखलात जायला पॉलिश! गाडीत बसला, मांडीवर कापडात बांधलेलं जेवण ठेवलं, आणि पट्टा लावला.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे."

पूल आला. नदीवर धुकं होतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काही म्हणालास का?"

"मी? नाही."

"मला वाटलं काहीतरी म्हणालास."

पुढं कच्चा रस्ता लागला. गाडी खड्ड्यांतून उडत होती आणि माझा जीव तिच्यापेक्षा जास्त उडत होता. सांग, सांग, असं मी मनात म्हणत होतो, आणि तोंडानं दामियानच्या ट्रॅक्टरबद्दल काहीतरी बडबडत होतो. दामियानच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. आन्सेल्मो लगेच उतरला नाही. हात दाराच्या कडीवर ठेवून बसून राहिला.

"मग, उतरू?" त्यानं विचारलं.

"उतर की. वाट बघत असतील."

तो उतरला.

ठरवलं होतं की त्याला सोडायचं आणि परत फिरायचं. चार वाजता न्यायला यायचं. मी गाडी वळवली, शंभर पावलं गेलो आणि थांबवली. घरी जाऊन काय करणार होतो? चालत परत आलो. दामियान जाळी पसरत होता. मला बघून म्हणाला, "तू काय रे?"

"बघतोय."

"बघ मग. पायाखाली जाळी आली तर उचलून पाय टाक, माझी जैतुनं चिरडू नकोस."

ट्रॅक्टरचा लोखंडी हात झाडाच्या बुंध्याला मिठी मारायचा आणि झाड अंग झाडल्यासारखं थरथरायचं. काळी जैतुनं जाळीवर पडायची. उरलेली चिवट फळं काठीनं बडवून काढायची. ते काम आन्सेल्मो आणि दोन मोरोक्कन गडी करत होते. आन्सेल्मोनं पहिल्या दहा मिनिटांत काठी कशी धरायची ते त्यांच्याकडे बघून शिकून घेतलं. अर्ध्या तासानं त्यानं कोट काढून फांदीला टांगला. तो गात नव्हता, हसत नव्हता, पण त्याचे खांदे सरळ झाले होते. मला एकदम प्रेसच्या पलीकडचा तो जुना आन्सेल्मो दिसला.

मी बांधावरून येरझाऱ्या घालायला लागलो. मग पडलेल्या फांद्या गोळा केल्या. मग शेकोटी पेटवली, ती कोणी मागितली नव्हती. साडेदहाला सगळे खायला बसले. पाव पोखरून त्यात तेल ओतायचं, वर टोमॅटो आणि खारवलेला मासा. आन्सेल्मोनं त्याच्यातला अर्धा पाव मोडून माझ्याकडे केला.

"मला नको."

"घे रे. उभा राहून राहून दमलास."

मोरोक्कन गडी हसले. मी तो पाव घेतला आणि त्याचे बारीक तुकडे करत बसलो.

खाणं झालं, सगळे उठले, आणि मी पुन्हा बांधावर एकटा. झाडाला एक जास्तीची काठी टेकून ठेवली होती, पाठ धरलेल्या त्या गड्याची असावी. मी ती उचलली कधी ते मला सांगता येणार नाही. नुसतं हातात तोलून बघितलं, वजन किती आहे म्हणून. समोर एक फांदी राहिली होती. मी ती बडवली. मग तिच्या शेजारची. अर्ध्या तासानं माझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्या अर्ध्या तासात, खरं सांगतो, मी कशाचाही विचार केला नव्हता. अकरा वर्षांतला तो माझा सगळ्यात बरा अर्धा तास होता.

मग दामियान फोन बाहेर काढून चष्मा शोधायला लागला, तसा मी भानावर आलो. पावणेबारा झाले होते. मी धावत त्याच्याकडे गेलो.

"आन्सेल्मोचं नाव घालू नकोस."

"का?"

"नको घालू. एवढ्या वेळचं त्याला हातावर दे आणि सोड."

दामियाननं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तो माणूस आठ वाजल्यापासून माझी झाडं बडवतोय. आत्ता इन्स्पेक्टर आला तर काय सांगू? व्यायाम करतोय?" मग त्याचा आवाज खाली आला. "तू त्याला सांगितलं नव्हतंस?"

मी बुटाच्या टोकानं जाळीची कड सरळ केली.

"शाबास," तो म्हणाला. "मला वाटलं होतं विचारून आणलास. मेव्हण्या, तुझ्यासारख्याला मी माझ्या कुत्र्याजवळ बसवणार नाही." आणि पाठ फिरवून तो फोनवर बोटं आपटायला लागला.

मी आन्सेल्मोकडे गेलो. तो एका जुन्या, तीन बुंध्यांच्या झाडापाशी होता. मी पलीकडून त्याच झाडाला लागलो. मधे फांद्या, त्यामुळं त्याचं तोंड तुटक तुटक दिसत होतं. मी काठी आपटत आपटतच बोललो, कारण थांबून मला ते बोलता आलं नसतं.

"आन्सेल्मो, हे काम कागदावर आहे. बारा वाजता तुझं नाव जाईल. तुझे दिवस गेले."

त्याची काठी चालूच होती.

"ऐकलंस का? मी मुद्दाम आणलं तुला. जागा मला मिळावी म्हणून. मी मुद्दाम केलं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"मला काय मोजता येत नाही होय रे? दामियानचं सगळं कागदावर असतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

माझी काठी थांबली. त्याची नाही.

"मग आलास कशाला?"

"मला वाटलं, तू पुलापर्यंत सांगशील." एक फटका. "मग वाटलं, फाटकापर्यंत तरी सांगशील. मी तुला फाटकाशी विचारलंसुद्धा. तू सांगितलं असतंस ना, तर मी हसत चालत घरी गेलो असतो आणि संध्याकाळी तुला पाजली असती." आणखी एक फटका. "तू म्हणालास, उतर. म्हटलं, एकोणीस वर्षं ज्याच्या भरवशावर मशीनमध्ये हात घातले त्याला एवढी नड असेल, तर घेऊ दे त्याला. मी काय तुझ्याशी एका दिवसासाठी भांडत बसू?"

'माफ कर' हे शब्द मला इतके तोकडे वाटले की मी जाळीबाहेर पडलेली जैतुनं पायानं आत लोटायला लागलो.

"आणि खरं सांगू?" तो म्हणाला. आता त्यानं काठी खाली टेकली. "तू फोनवर म्हणालास, साडेसातला ये. अकरा वर्षांत मला कोणी कुठं अमुक वाजता ये म्हणून सांगितलं नव्हतं. डॉक्टर सोडून. मी रात्रभर उठून घड्याळ बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण बघत होतो."

मी झाडाच्या बुंध्याला हात टेकला. मला रडू येत होतं आणि ते थोपवायला मी पुन्हा काठी उचलली. बडव, बडव, बडव. जैतुनं माझ्या डोक्यावर पडत होती.

तेवढ्यात फांदीला टांगलेल्या त्याच्या कोटात फोन वाजला. मेसेजचा आवाज. सामाजिक सुरक्षा खात्याचा मेसेज असाच येतो, नोंद झाली की त्याच मिनिटाला. आन्सेल्मो कोटाकडे बघत म्हणाला, "झालं. चार हजारांचं शून्य झालं."

आणि माझ्या विजारीच्या खिशात फोन थरथरला.

मी तो काढला. वाचला. पुन्हा वाचला. आपली आजच्या तारखेपासून शेतमजूर म्हणून नोंद झाली आहे. खाली दामियानचं नाव आणि त्याच्या शेताचं नाव. तारीख आजची, वेळ अकरा सत्तावन्न.

"दामियान!" मी असा ओरडलो की ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. "माझं नाव कशाला घातलंस?"

"काठी कोणाच्या हातात आहे?" दामियान तिथूनच ओरडला.

मी हाताकडे बघितलं. होती.

"मी कामाला आलो नव्हतो!"

"पंधरा झाडं झाली तुझी. मी मोजली. फुकट राबवून घेऊ का तुला? माझ्या भावाच्या वेळी शिकलोय मी, पुन्हा शिकायचं नाही मला."

"रद्द कर. आत्ता रद्द कर."

"गेलं ते. बारा वाजले."

लांब गावातल्या चर्चची घंटा त्याच वेळी सुरू झाली. आन्सेल्मो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मग त्यानं माझ्या हातातला फोन घेतला, लांब धरून वाचला, आणि खाली जाळीवर, जैतुनांच्या राशीतच, बसला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. डोळे पुसत पुसत, श्वास अडकेपर्यंत हसत होता. मोरोक्कन गड्यांना काही कळलं नाही, तरी तेही हसायला लागले.

"गाढवा," तो म्हणाला. "अरे गाढवा. बारा वाजेपर्यंत हात खिशात घालून उभं राहता आलं नाही तुला?"

"नाही आलं."

"मी फुकट मेलो म्हणजे."

मी खाली मान घालून उभा राहिलो. त्याचं हसू हळूहळू ओसरलं आणि मागं जो चेहरा उरला, तो मला बघवेना.

"तिसरं कोण आहे?" त्यानं विचारलं.

"ओब्दुलिया."

"मग ठीक आहे. ती आईच्या कबरीला पाणी आणेल. सांगेन मी तिला पाइप कुठं फुटलाय ते." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल. पैसे घेणार आहेस ना आजचे? मग उचल काठी."

चार वाजेपर्यंत आम्ही काम केलं. चौकात उतरताना त्यानं दार जपून लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी कासिल्दानं माझे चिखलाचे पाय बघितले आणि विचारलं, "सांगितलं होतंस ना त्याला?" मी म्हणालो, "नाही." मग सगळं सांगितलं, मेसेजसकट. तिनं दाराशी पोतेरं आणून टाकलं. मग म्हणाली, "तुझं काम गेलं त्याचं मला दुःख नाही, हिनेस," आणि पुढचं वाक्य तिनं मला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजगार कचेरीत नव्यानं नाव नोंदवायला गेलो. काम सुटलं की लगेच नोंदवावं लागतं, आणि या खेपेला मी एकही दिवस घालवणार नव्हतो. आत शिरलो तर आन्सेल्मो आधीच रांगेत. मी त्याच्या मागं उभा राहिलो. त्यानं वळून बघितलं नाही. पाच मिनिटांनी, समोर बघतच, तो म्हणाला, "आज काही डाव असेल तर आत्ताच सांग. रांगेत वेळ आहे."

"नाही," मी म्हणालो. "आज काही नाही."

"बघ हं."

खिडकीशी एक नवी मुलगी होती. बाहेरगावची असावी, आम्हाला ओळखत नव्हती. तिच्यामागं भिंतीवर दर महिन्याचा आलेख लावला होता, वर्षाहून जास्त काळ घरी बसलेल्यांचा. आमच्या दोघांची ओळखपत्रं तिनं एकदमच मागून घेतली, कारण आम्ही बरोबर आलोय असं तिला वाटलं.

"काम कधीपासून नाही?" तिनं विचारलं.

आन्सेल्मोनं गळा साफ केला. "काल दुपारी चारपासून."

"आणि तुम्ही?"

"मीपण," मी म्हणालो. "चारपासून."

तिनं टाइप केलं, थांबली, पडद्याकडे बघून खूश झाली. "दीर्घकालीनमधून दोन नावं कमी झाली. ऑक्टोबरपासून रेघ खालीच येतेय आमची, बघा ना." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. आम्ही दोघांनी बघितलं. रेघ खरंच खाली येत होती.

मग तिनं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला आमची दया आली. चांगली मुलगी होती. दोन्ही ओळखपत्रं परत करताना ती जरा पुढं झुकली.

"असं तोंड पाडून बसायचं नाही, काका," ती म्हणाली. "एकच दिवस तर झालाय."